काऊचा घास, चिऊचा घास आणि दोन वर्षांच्या मुलाची भूक

इंदुरात मराठी घरातले कोणतेही कार्य असो, जेवणाच्या हॉलमध्ये एक दृश्य हमखास दिसते. वाटीत कालवलेला वरणभात घेऊन एखादी आई आपल्या दीड-दोन वर्षांच्या मुलामागे खुर्च्यांमधून फिरत असते, आजी ‘हा घास काऊचा, हा चिऊचा’ म्हणत चमचा पुढे करते आणि मूल मान फिरवते. अर्ध्या तासात भात वाळतो, आईचे स्वतःचे जेवण तसेच राहते, आणि जाता जाता कोणीतरी वडीलधारे माणूस विचारते, ‘हिला काही खायला घालत नाहीस का गं?’ हा प्रश्न किती खोल लागतो ते मी माझ्या सुनेच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

माझी नात आता अडीच वर्षांची आहे. लोकमान्य नगरातल्या आमच्या घरात तिच्या जेवणावरून जवळजवळ वर्षभर रोज दोनदा ताण असायचा, आणि त्यात माझा वाटा मोठा होता, कारण मी माझ्या मुलाला हात धरून, नाक दाबून भरवले होते आणि तीच योग्य रीत असे मला वाटत होते. बालरोगतज्ज्ञांनी शांतपणे समजावून सांगितल्यावर आणि नंतर स्वतः वाचल्यावर जे उमगले, ते इथे क्रमाने मांडते.

भूक खरोखरच कमी होते

उष्टावणानंतर सहा-सात महिने मूल बहुधा आनंदाने खाते. पहिला वाढदिवस होतो, मूल चालू लागते आणि त्याच सुमारास त्याचे खाणे आटते. घरच्यांना वाटते की काहीतरी बिघडले. प्रत्यक्षात त्या वेळी मुलाच्या वाढीचा वेगच उतरलेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली वाढीचे जे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांसाठी सहा देशांतील मुलांची मापे घेतली होती आणि त्यांत दिल्लीची मुलेही होती. त्या तक्त्यानुसार मधल्या वजनाची मुलगी जन्मतः ३.२ किलोची, वर्षाची झाल्यावर ८.९ किलोची, दोन वर्षांची झाल्यावर ११.५ किलोची आणि तीन वर्षांची झाल्यावर १३.९ किलोची असते. म्हणजे पहिल्या वर्षात तिचे वजन साडेपाच किलोंहून अधिक वाढते, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षांत प्रत्येकी जेमतेम अडीच किलो.

खंडवा रस्त्याने बडवाहहून इंदूरला येताना गाडी भेरूघाट चढते, तेव्हा पेट्रोल भराभर संपते, आणि माळव्याचे पठार लागले की तेवढ्याच अंतराला कितीतरी कमी पुरते. पठारावर गाडी कमी पेट्रोल पिते म्हणून कोणी तिला मेकॅनिककडे नेत नाही. दुसऱ्या वर्षातले मूल पठारावर आलेले असते आणि आपण मात्र त्याला घाटाच्या हिशेबाने भरवत राहतो.

शेजारच्या मुलाशी तुलना करतानाही हा तक्ता आठवावा. दोन वर्षांच्या मुलीचे वजन ९ किलो असो वा साडेचौदा, दोन्ही त्याच्या सामान्य पट्ट्यात बसतात. एका वजनाच्या आकड्यापेक्षा महिन्यामागून महिने ती रेषा कशी चालली आहे, याला महत्त्व असते.

आपल्या वाढण्याचाही विचार करायला हवा. या वयात प्रत्येक पदार्थ वर्षागणिक एक मोठा चमचा या मापाने वाढावा, असा एक सोपा आडाखा बालरोगतज्ज्ञ सांगतात. दोन वर्षांच्या मुलाला दोन चमचे भात, दोन चमचे वरण आणि दोन चमचे भाजी एवढ्यापासून सुरुवात करावी आणि त्याने मागितले तर आणखी वाढावे. मी नातीसाठी जी वाटी भरत असे ती माझ्या भुकेच्या अंदाजाने भरलेली असायची, आणि तिने तिचे पोटभर खाल्ले तरी वाटीत अर्धा भात उरलेला दिसून मी कष्टी व्हायचे.

अनोळखी पाहुण्यासारखी भाजी

कालपर्यंत दुधीची भाजी खाणारे मूल आज ती थुंकते आणि नव्या पदार्थाकडे बघतही नाही. नव्या खाद्यपदार्थाच्या या धास्तीला शास्त्रात ‘निओफोबिया’ असे नाव आहे. साधारण दोन ते सहा वर्षे या वयात ती सर्वाधिक असते. तिचे कारण बहुधा आपल्या पूर्वजांच्या जगण्यात असावे. चालायला शिकलेले मूल आईच्या नजरेआड जाऊ लागते, आणि दिसेल ते तोंडात घालणारे मूल रानात फार काळ टिकले नसते. विषारी वनस्पती पुष्कळदा कडू असतात आणि लहान मुलांना कडू चव मोठ्यांपेक्षा तीव्र लागते. मेथी, कारले किंवा पालक यांना मिळणारा नकार बराचसा इथून येतो.

घरी पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला बघून मूल आईच्या पदराआड लपते. दुसऱ्या खेपेला ते पदराआडून डोकावते, चौथ्या-पाचव्या खेपेला त्याचा चष्मा ओढते आणि पुढे कधीतरी आपणहून मांडीवर जाऊन बसते. पहिल्याच भेटीत त्याला उचलून पाहुण्याच्या हातात दिले तर ते किंचाळते आणि पुढच्या वेळी अधिकच लपते. भाजीची ओळखही याच गतीने होते. मुलांच्या खाण्यावर आयुष्यभर संशोधन केलेल्या लीन बर्च यांनी १९८० च्या दशकात दाखवले की पदार्थाची चव जितक्या वेळा घेतली जाते तितकी त्याची आवड वाढते, आणि त्यासाठी दहा-पंधरा वेळाही लागू शकतात. आपण बहुतेक जण तीन-चार वेळांत हात टेकतो आणि ‘हिला भोपळा आवडत नाही’ असे जाहीर करून टाकतो. मूल ते ऐकत असते.

‘चव घेणे’ याचा अर्थही इथे सैल ठेवावा. हाताने दाबणे, वास घेणे, जिभेला लावून बाहेर काढणे ही सगळी ओळखीची पावले आहेत. आमच्या घरी लाल भोपळ्याची एकच फोड रोजच्या वरणभाताशेजारी ठेवायची, तिच्याविषयी काही बोलायचे नाही आणि ती उरली तर उचलून ठेवायची असे ठरले. पहिले सहा दिवस तिने ती फोड ताटाच्या काठावर सरकवली, सातव्या दिवशी चुरडली आणि दहाव्या दिवशी तुपात बुडवून चाटली.

न जेवणाऱ्या मुलाची वही

मला सर्वाधिक धक्का दिला तो एका वहीने. डॉक्टरांनी तीन दिवस मुलीच्या तोंडात जे जे जाईल ते सगळे वेळेसह लिहून आणायला सांगितले होते. दुधाचा हिशेब ठेवायच्या वहीच्या मागच्या पानांवर मी ते लिहिले. त्यातला एक दिवस असा होता: सकाळी सातला साखर घातलेले पेलाभर दूध, साडेनऊला आजोबांच्या चहाबरोबर दोन बिस्किटे, अकराला शेजारी मूठभर शेव, साडेबाराला जेवायला बसवल्यावर चार घास, एकला झोपताना पुन्हा दूध, साडेचारला अर्धे केळे आणि बिस्किट, सहाला कोपऱ्यावरच्या दुकानातली चिप्सची पुडी, साडेआठला जेवणाचे दोन घास आणि दहाला ‘उपाशी कशी झोपवायची’ म्हणून तिसरा पेला दूध.

जी मुलगी दिवसभर काही खात नाही असे आम्ही सगळ्यांना सांगत होतो, तिने नऊ वेळा खाल्ले होते. फुल क्रीम दुधाचे २०० मिलीचे तीन पेले म्हणजे ५०० किलोकॅलरींहून अधिक होतात, आणि या वयाच्या मुलाची दिवसाची गरज साधारण हजाराच्या आसपास असते. अर्धी भूक दुधानेच भागत होती, उरलेल्या भुकेवर बिस्किटे आणि शेव पडत होती, आणि जेवणाच्या वेळी ती खरोखरच भुकेली नव्हती.

दूध वाईट नाही, पण त्यात लोह जवळजवळ नसते, आणि दुधातले कॅल्शियम इतर अन्नातले लोह शरीरात शोषले जाण्यात अडथळा आणते. लोह कमी झाले की मूल फिकट आणि चिडचिडे होते आणि त्याची भूकही मंदावते. भूक मंदावली की घरचे आणखी दूध देतात आणि चक्र पूर्ण होते. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के मुलांना रक्तक्षय असल्याचे आढळले. या चक्रात खात्यापित्या घरांतली मुलेही अडकतात, हे मी आमच्याच घरात पाहिले, कारण नातीचे हिमोग्लोबिन कमी निघाले आणि तिला काही महिने लोहाचे औषध घ्यावे लागले.

वर्षानंतर दिवसाला ४०० ते ५०० मिली दूध पुरेसे आहे. ते पेल्याने द्यावे, जेवणाच्या तोंडावर देऊ नये आणि बाटली हळूहळू सोडवावी. लहान मुलांना दुधाचा चहा देण्याची सवय आपल्याकडे आहे, तीही सोडावी, कारण चहा लोहाला आणखी अडवतो. लिंबू मात्र लोहाच्या मदतीला येते. वरणभातावर किंवा पोह्यांवर पिळलेल्या लिंबाचे काम निव्वळ चवीचे नसते.

वाढायचे कोणी आणि ‘पुरे’ म्हणायचे कोणी

अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी १९८० च्या दशकात एक साधी वाटणी सुचवली आणि जगभरचे बालरोगतज्ज्ञ आज ती सांगतात. काय खायला द्यायचे, कधी द्यायचे आणि कुठे बसवून द्यायचे हे मोठ्यांनी ठरवावे. किंबहुना ते त्यांनीच ठरवावे. दिलेल्यापैकी काय खायचे, किती खायचे आणि खायचे की नाही हे मुलाने ठरवावे. बहुतेक घरांत याच्या उलट चालते: काय हवे आणि कधी हवे हे मूल ठरवते, आणि किती खायचे ते आपण.

मराठी माणसाला हे पटणे कठीण जाते, कारण पंगतीतला आग्रह आपल्या रक्तात आहे. पण पंगतीची रीत नीट आठवून पाहावी. वाढपी जिलबी घेऊन येतो, आग्रह करतो, आणि जेवणाऱ्याने ताटावर आडवा हात धरला की पुढे सरकतो. आडवा हात बाजूला सारून तोंडात जिलबी कोंबणाऱ्याला कोणी प्रेमळ म्हणणार नाही. दोन वर्षांच्या मुलाने मान फिरवणे, ओठ घट्ट मिटणे किंवा चमचा ढकलणे हा त्याचा आडवा हात आहे. त्याच्यापाशी दुसरा शब्द नसतो.

रोज हा हात डावलला गेला की दोन गोष्टी बिघडतात. एक तर पोट भरल्याची आतली जाणीव बोथट होत जाते आणि दुसरे म्हणजे त्या पदार्थाशी भांडणाची आठवण जोडली जाते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बालवाडीच्या वयाच्या मुलांना दोन प्रकारची सुपे दिली होती आणि त्यांतल्या एका सुपाच्या वेळी ‘संपव’ असा तगादा लावला होता. तगादा नसताना मुलांनी अधिक खाल्ले आणि तगाद्याच्या सुपाबद्दल ती फार वाईट बोलली. रडणाऱ्या किंवा आडव्या पडलेल्या मुलाच्या तोंडात घास कोंबल्याने तो श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो तो वेगळाच. मी हे स्वतः केलेले आहे. काही अनर्थ झाला नाही, हे नशीब.

व्यवहारात याचा अर्थ असा की दिवसातून तीन जेवणे आणि दोन मधली खाणी ठरल्या वेळी द्यावीत, त्यांच्यामध्ये अडीच-तीन तासांचे अंतर ठेवावे आणि त्या अंतरात पाण्याखेरीज काही देऊ नये. सगळ्यांबरोबर एका जागी बसवावे. ताटात मुलाच्या ओळखीचा एक तरी पदार्थ असावा, म्हणजे ते भुकेले उठणार नाही. वीस-पंचवीस मिनिटांत ताट उचलावे, न रागावता आणि ‘शहाणी गं’ असे कौतुकही न करता. या शेवटच्या भागाला सर्वांत जास्त वेळ लागतो, आणि तो घरातल्या आजी-आजोबांना लागतो.

‘पण मग ते उपाशीच राहील’

ही भीती खरी आहे आणि तिला थट्टेने उडवू नये. तिला उत्तर आहे ते मोजमापाचे. लीन बर्च आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली दोन ते पाच वर्षांच्या १५ मुलांचे खाणे चोवीस तासांच्या हिशेबाने अनेकदा मोजले. एकेका जेवणात एक-तृतीयांशापर्यंत चढउतार होता, पण पूर्ण दिवसाची बेरीज करता तो सुमारे दहा टक्क्यांवर येत होता. दुपारी कमी खाल्लेले मूल संध्याकाळी भरून काढत होते. म्हणून एका जेवणावरून घाबरू नये, आठवड्याची बेरीज पाहावी.

त्याआधी, १९२० च्या दशकात, क्लारा डेव्हिस या अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बाईंनी नुकतेच दूध सोडलेल्या मुलांसमोर निरनिराळे पदार्थ ठेवून त्यांना हवे ते आणि हवे तितके खाऊ दिले होते. पुढे हा प्रयोग १५ मुलांवर झाला आणि पदार्थ ३४ होते. मुलांच्या आवडी विचित्र आणि सतत बदलणाऱ्या होत्या, तरी सगळी छान वाढली. अर्थात मांडलेल्या पदार्थांत साखर, मैदा किंवा तयार गोड वस्तू नव्हत्या, आणि खरी मेख त्या यादीत आहे हे डेव्हिस यांनी स्वतःच सांगितले होते. मुलाच्या भुकेवर विश्वास ठेवायचा, पण समोर काय मांडायचे याची जबाबदारी सोडायची नाही. डब्यात शेव आणि फडताळात बिस्किटे असताना ‘तिची ती ठरवेल’ म्हणणे ही त्या वाटणीची अर्धीच बाजू झाली.

‘आमच्या वेळी मुले निमूट जेवायची’

जेवत असतील, कारण त्या वेळी घरात पाच-सहा मुले एका पंगतीत बसत, मधल्या वेळी खायला पाकिटे नव्हती आणि प्रत्येक घासाकडे बघायला कोणाला सवड नव्हती. जेवणाची वेळ, जागा आणि पदार्थ मोठे ठरवत, आणि कोणी कमी जेवले तर ते कळतही नसे. म्हणजे ही वाटणी जुन्या घरांत न सांगता पाळली जात होती. आज एकाच मुलाच्या घासाकडे चार जणांचे डोळे लागलेले असतात.

‘मोबाईल लावला की सगळे संपवते’

संपवते हे खरे आहे. पडद्यात गुंगलेले मूल तोंड उघडते, पण आपण काय खातो आणि पोट कधी भरले याकडे त्याचे लक्ष नसते, त्यामुळे नव्या चवीची ओळखही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार या वयात दिवसाला एक तासाच्या वर नेऊ नये. आमच्याकडे मोबाईल बंद केल्यावर चार दिवस फार रडारड झाली आणि खाणे निम्म्यावर आले. पाचव्या दिवसापासून ते सावरले. काही घरांत याला दोन-तीन आठवडेही लागतात.

‘भूक लागण्याचे औषध का देऊ नये?’

दुकानात सहज मिळणाऱ्या ‘भूक वाढवणाऱ्या’ काही सिरपांमध्ये सायप्रोहेप्टाडिन हे मुळात ॲलर्जीवरचे औषध असते. त्याने झोप आणि सुस्ती येते, आणि दोन वर्षांखालील मुलांत ते सुरक्षित असल्याचे सिद्ध झालेले नाही. तपासल्याशिवाय आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते कधीही देऊ नये. जंतांचे औषध ही वेगळी बाब आहे: फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये अंगणवाडीत एक वर्षावरील मुलांना अल्बेंडाझोल दिले जाते, ते चुकवू नये.

ताटात काय

मुलासाठी वेगळा स्वयंपाक करण्याची गरज नाही. आपल्याच वरणातून तिखट घालण्यापूर्वी काढलेला वाटा, मऊ भात, तुपाची धार, मुगाचे धिरडे, भाजणीच्या थालीपिठाचे बोटाएवढे तुकडे, नाचणीची उकड, अळिवाचा लाडू हे सगळे पोषक आहे आणि मुलाला हातात धरता येते. इंदूरच्या सकाळी पोहे असणारच. ते मटार घालून, लिंबू पिळून, शेव आणि जिरावणाचा मसाला न घालता मुलाला द्यावेत. अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि अख्खी द्राक्षे चार-पाच वर्षांपर्यंत देऊ नयेत, घशात अडकतात. हाताने खाताना सांडेल. खाली जुनी चादर अंथरावी.

डॉक्टरांकडे कधी जावे

वर लिहिलेले सारे निरोगी मुलासाठी आहे. वजन घटले, काही महिने वाढलेच नाही किंवा तक्त्यावरची रेषा खाली घसरत गेली तर थांबू नये. गिळताना खोकला किंवा ठसका येणे, वारंवार उलट्या, घट्ट शी आणि पोटदुखी, माती किंवा भिंतीचा चुना खाणे, तळहात आणि ओठ पांढुरके दिसणे ही तपासणीची कारणे आहेत. एकूण पदार्थ वीसपेक्षा कमी असणे आणि त्यांतलेही गळत जाणे, मऊ किंवा चावायचे असा एखादा पूर्ण पोतच मुलाला सहन न होणे, आणि त्याच्या जोडीला बोलणे किंवा नजर मिळवणे कमी असणे, हे हट्टाच्या खात्यात टाकू नये. अशा मुलांना वेगळ्या प्रकारची मदत लागते आणि ती लवकर मिळाली तर उपयोगी पडते.

जाताना अंगणवाडीत मिळालेले माता-बाल कार्ड किंवा दवाखान्यातला वाढीचा तक्ता आणि तीन दिवसांची ती वही न्यावी. वही लिहिताना दूध मिलीमध्ये लिहावे, ‘थोडेसे’ असे लिहू नये, आणि आजोबांनी गुपचूप दिलेले बिस्किटही त्यात यावे. आमच्या वहीत ते पहिल्या दिवशी नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच येऊन लिहिले.